मुगाचा तोडा आणि गप्प बसलेला माणूस

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलापाशी मुगाच्या ओल्या शेंगांच्या गाड्या लागल्या की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. समोर वाटणीचा दावा असतो, पक्षकार कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो, आणि माझ्या नाकात मात्र मुगाच्या पाल्याचा वास भरलेला असतो. यंदाही तेच झालं. कोर्टातून जुन्या शहरातल्या घरी येताना स्कूटर आपोआप गाडीपाशी थांबली. गाडीवाल्यानं पसाभर शेंगा वरून टाकल्या. घरी येऊन काळा कोट खुंटीला अडकवला आणि शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवल्या. झाकण उचललं तशी वाफ चष्म्यावर आली आणि त्या वाफेबरोबर मागचा एक अख्खा हंगामही आला.

आमच्या वऱ्हाडात कपाशीचं कौतुक सगळ्यांना, तुरीचं त्याहून जास्त. मुगाचं कौतुक कुणी करत नाही. तो पेरला कधी आणि निघाला कधी हे कळायच्या आत संपतो. पोळ्याच्या आगेमागे दोन झडींच्या मधे जे काही ऊन सापडेल तेवढ्यात शेंगा तोडून घ्यायच्या. पाऊस लागून राहिला तर शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात आणि शेतकरी हात चोळत बसतो. म्हणून त्या दिवसांत गावात ज्याला त्याला घाई. आणि मी पाहिलंय, घाईतली माणसं सगळ्यात जास्त बोलतात. मुगाच्या तोड्याला गेलेल्या बायकांच्या ओट्या शेंगांनी भरत जातात तशा त्यांच्या गप्पाही भरत जातात. हात खाली चालतात, तोंड वर चालतं, आणि दोघांचा एकमेकांना अजिबात त्रास नसतो.

मला होता. मी मुळात बोलून पोट भरणारा माणूस. आठवडाभर न्यायाधीशांपुढे बोलायचं, पक्षकारांशी बोलायचं, समोरच्या वकिलाशी तर भांडायचंच. रविवारी मला कुणाचा आवाज नको असे, स्वतःचाही नाही. चाळिशीनंतर प्रत्येकाला काही ना काही लागतं. कुणाला गुडघेदुखी लागते, कुणाला एखादे महाराज लागतात. मला पक्ष्यांचे फोटो लागले. अमरावतीला जाऊन कॅमेरा आणला, लांबचं दिसेल असं भिंग आणलं, अंगावर घ्यायला पानापानांच्या नक्षीचं कापड आणलं. घरी येऊन ते कापड पांघरून दाखवलं तेव्हा आमची मुलगी मुक्ता, तेव्हा नववीतली, हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फक्त विचारलं, "हे धुवायचं कशात? मशीनमध्ये की हातानं?"

बगळे, खंड्या, नीलपंख यांचे फोटो कुणीही काढतं. ते तारेवर बसून आपणहून पोझ देतात. मला हवा होता दुर्लाव. हे त्याचं पुस्तकातलं नाव. गावात त्याला नुसता लावा म्हणतात. मुठीत मावेल एवढा पक्षी, रंग पालापाचोळ्याचा, राहणार पिकाच्या ओळीत जमिनीला धरून. पायाखालून भुर्रकन उडाला तरच कळायचं की होता. उडतोही कसा, जेमतेम दोन ओळी ओलांडून पुन्हा बुडी. ज्यांचं आयुष्य शेतात गेलं त्यांनीही त्याला बसलेला असा क्वचित पाहिलेला असतो. आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा: लांब कुणीतरी फटफटी सुरू करतंय आणि ती सुरू होत नाहीये, असा घुमणारा ढुर्र ढुर्र. ती घुमते ती मादी. नरापेक्षा मोठी, गळ्याला काळा पट्टा मिरवणारी. अंडी घालून ती पुढे निघून जाते, पुन्हा घुमायला. अंडी उबवायची, पिलं काढायची, त्यांना चोचीतून किडे भरवायचे आणि पोटाखाली घेऊन निजवायचं, हे सगळं नर एकटा करतो. मला तो हवा होता, पिलांसकट. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याच्या वाटेला जायचं नाही हा माझा नियम. पण पिलं चालायला लागली, बापाच्या मागे ओळीत निघाली, की लांबून फोटो काढायला हरकत नव्हती.

सुनंदाचं माहेर दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या काठच्या काळ्या मातीत. तिच्या भावाच्या मुगात लाव्याची जोडी घुमते अशी बातमी तिच्या वहिनीनं, शोभावहिनीनं, फोनवर दिली आणि माझे रविवार ठरून गेले. पहाटे मी आणि सुनंदा निघायचो. म्हैसांगचा पूल ओलांडला की सुनंदाची भाषा बदलायची. अकोल्याच्या शाळेत गणित शिकवणारी, "समजा क्ष बरोबर" म्हणणारी बाई खिडकी खाली करून ओळखीच्या माणसाला हाक मारायची, "काय हो काका, बरं हाय ना?" आमच्याकडच्या बायकांसारखी स्वतःविषयी 'येतो, जातो' बोलायची. मला ते फार आवडायचं. मी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण आवडायचं.

त्याच हंगामात तिच्यापुढे एक प्रश्न येऊन पडला होता. तिच्या संस्थेची एक शाळा अचलपूरला आहे. तिथल्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि संस्थेनं सुनंदाला विचारलं, येता का? पोळ्यापर्यंत हो की नाही ते सांगा. हो म्हटलं तर सोमवार ते शनिवार तिकडेच राहायचं, रविवारी एसटीनं घरी. रोज जाणं-येणं करण्यातलं ते अंतर नाही. सुनंदानं ही गोष्ट मला भाजी निवडता निवडता सांगितली आणि त्याच दमात पुढे म्हणाली, "मी नाही म्हणणार आहे. मला नको असली कटकट." तिचा आवाज इतका सपाट होता की मीही मान डोलावली. नकोय तिला, मला वाटलं. साक्षीदारानं स्वच्छ जबाब दिल्यावर उलटतपासणी कशाला करायची?

आता रविवारांविषयी. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोरीच्या झुडपाला पाठ लावून, पानापानांचं कापड पांघरून बसायचो. खाली काळी माती, ओली, लोण्यासारखी चपलेला धरून ठेवणारी. समोर मुगाच्या ओळी, मधेमधे गुडघाभर वाढलेली तूर, कडेला अंबाडीचे लाल देठ. ऊन चढलं की मातीतून वाफ यायची आणि कापडाच्या आत माझाच मूग उकडायचा. मी हलायचो नाही. खोकला आला तर गिळायचो. डास गालावर बसला तर त्याला पोटभर जेवू द्यायचो. सुनंदा आणि वहिनी घरून डबा घेऊन यायच्या तर त्यांना लांबूनच हातवारे करून परत पाठवायचो. इतकी शांतता मी पाळली की माझ्या कानात माझंच रक्त वाजायला लागलं. लाव्याची मादी घुमायची, अगदी जवळ घुमायची. पण ओळीतून चोचही बाहेर आली नाही.

एकदा वहिनी धुऱ्याच्या पलीकडून जाताना थांबली. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सुनंदाला म्हणाली, "बाई, जवाईबापू कावून असे रुसून बसून राह्यले? जेवनात मीठ कमी पडलं काय?"

"रुसले नाई वं. फोटो काढून राह्यले," सुनंदा म्हणाली.

"कायचा? मातीचा?"

मी कापडाच्या आतून "श्श" केलं. दोघी पदर तोंडाला लावून पळाल्या. लाव्याचं घुमणंही थांबलं. मी त्या दिवशी घरी जाताना गाडीत एक शब्द बोललो नाही. माझा स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही. राग आला की मी गप्प बसतो आणि समोरच्याला काही कळत नाही. मग कळलं नाही म्हणून मला आणखी राग येतो.

आज शेंगा सोलताना हे सगळं आठवून मला हसू येतं. माणूस शांततेचं किती स्तोम माजवतो. आम्हा शहरातल्यांना वाटतं की निसर्ग म्हणजे एक मोठं वाचनालय, आत जाताना चपला काढायच्या आणि तोंड मिटायचं. पण शेतातल्या पाखराचा जन्मच मुळी गलक्यात होतो. अंड्यात असल्यापासून त्यानं तण काढणाऱ्या डवऱ्यामागे चालणाऱ्याचं बैलांना दामटणं ऐकलेलं असतं, निंदणाऱ्या बायकांची गाणी आणि भांडणं ऐकलेली असतात, बांधावर लावलेला मोबाइल ऐकलेला असतो. त्याच्या लेखी बोलणारी माणसं आपल्या कामात असतात, म्हणजे निरुपद्रवी. शेतात मुकाट दबा धरून बसतं ते मांजर, ते मुंगूस, तो फासे लावणारा. माझी ती जिवापाड जपलेली शांतता त्या बापाला कशी वाटली असेल, कल्पना करा. बोरीखाली एक मोठं हिरवं मांजर, हलत नाही, डुलत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. ते घडलं पोळ्याच्या आधीच्या रविवारी. झड उघडली होती, लख्ख ऊन पडलं होतं, आणि वहिनीनं फर्मान काढलं की आज तोडा झालाच पाहिजे, जवाईबापूचे लावे गेले खड्ड्यात. मजूर बायका दुसऱ्या शेतात गुंतलेल्या. म्हणून वहिनी आणि सुनंदा दोघीच कमरेला ओट्या बांधून ओळीत उतरल्या. मी नाइलाजानं धुऱ्यावर बसलो होतो. आजचा दिवस वाया गेला असं मनाशी म्हणून कापडाच्या आत धुसफुसत होतो.

बायकांचं सुरू झालं. कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, कुणाच्या सुनेनं काय आणलं, यंदा पुरणाला डाळ किती टाकायची. आणि अचानक माझ्यासमोरच्या ओळीत, त्या दोघींपासून दहा-बारा पावलांवर, मुगाची पानं हलली.

तो बाहेर आला. एक पाऊल पुढे टाकायचा, ते मागे घ्यायचा, पुन्हा पुढे. अंगणात यावं की नाही असा विचार करणाऱ्या नव्या जावयासारखा. निळसर-राखी पाय, पांढुरके डोळे. मागे एक पिलू, भुंग्याएवढं. त्याच्यामागे दुसरं. तिसरं धडपडत, ढेकळावरून घसरत. बापानं मातीत चोच मारली, काहीतरी उचललं, आणि पहिलं पिलू धावत येऊन त्याच्या चोचीतून ते घेऊन गेलं. इतका आनंद मला सनद मिळाली तेव्हाही झाला नव्हता, हे मी कुठंही शपथेवर सांगीन.

आणि मी मूर्खासारखं "श्श" केलं.

बायका दचकून गप्प झाल्या. त्याबरोबर बाप जागच्या जागी दगड झाला, पिलं त्याच्या पोटाखाली शिरली, आणि क्षणात तिथं नुसती माती उरली. मी कपाळाला हात लावून बसलो. बायकांना वाटलं आता ओरडतो की काय. पण मी ओरडलो नाही, कारण डोक्यात काहीतरी लखलखून गेलं होतं.

"बोला," मी कापडाच्या आतून म्हणालो.

"आँ?"

"बोला. तुमचं जे चाललं होतं ते चालू द्या. थांबू नका."

झालं! आयुष्यात कधी ज्यांना शब्दाची वाण पडली नाही, त्या दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाली, "आता असं बोला म्हनल्यावर कसं बोलाव बापा?" सुनंदा म्हणाली, "ऊन पडलं." वहिनी म्हणाली, "हो, पडलं." मग दोघींना हसू फुटलं, हसू आवरता आवरेना, आणि त्या हसण्यातूनच कधीतरी बोलणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं त्या मला विसरल्या. बोरीचं झुडूप विसरावं तशा विसरल्या. पानं पुन्हा हलली. बाप पिलांना घेऊन बाहेर आला, या वेळी आणखी जवळ. मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

"मंग अचलपूरचं काय केलं?" वहिनीनं विचारलं.

"काय कराचं? नाई म्हनून सांगतो उद्या."

"कावून? तुले नाई जाचं?"

सुनंदाचे हात थांबले नाहीत. शेंगा ओटीत पडत होत्या. ती म्हणाली, "जाचं कावून नाई वहिनी? मले लय जाचं हाय. मी त्या शाळेले जाऊन पाहून आली. कोनाले सांगतलं नाई. वर्गखोल्या पाह्यल्या, मैदान पाह्यलं, पोट्ट्याईच्या गनिताच्या वह्या पाह्यल्या. मी तिथं उभी राह्यली त वाटलं, हे सगळं मी नीट करू शकतो. मले करता येते. रात्री झोपेत बी मी त्या शाळेचं वेळापत्रक बसवत राह्यतो."

"मंग?"

"मंग घरचं कोन पाहीन? मुक्ताची पुढच्या साली दहावी हाय. याईले गॅस पेटवता येते, तेवढंच येते. आन् हे हो म्हनतीन, नाई म्हननार नाई, पन तोंड पाडून बसतीन. काय झालं म्हनून विचारलं त सांगनार नाई. मले ते जमत नाई, वहिनी. त्यापरीस नाई म्हटलेलं बरं."

बाप पिलाला भरवत होता. दुसरं पिलू त्याच्या पाठीमागून येऊन पंखाखाली डोकं खुपसत होतं. भिंगात मला त्याच्या डोळ्यातली चमक दिसत होती. बोट कळीवर होतं, कॅमेरा आपलं काम करत होता. आणि मला काहीच दिसत नव्हतं. सुनंदा एकटीच अचलपूरला जाऊन आली होती. कधी गेली? कोणती एसटी धरली? घरी येऊन तिनं त्या संध्याकाळी काय स्वयंपाक केला? भाजी निवडता निवडता तिनं मला नको म्हणून सांगितलं ते खरं नव्हतं, आणि हिनं उद्या फोन केला की सगळं संपणार होतं. मला तिच्याविषयी इतकं वाटलं, इतकं वाटलं की तिथल्या तिथं उठून उभं राहावंसं वाटलं.

उठून बोलावं तर बाप उडणार. न बोलावं तर मी पुन्हा तोच, बोरीखालचा गप्प माणूस.

मग मी बोललो. हललो नाही, कुजबुजलोही नाही. शेतात बोलतात तशा साध्या, मोठ्या आवाजात म्हणालो, "सुनंदा, तू अचलपूरला जा. घरचं मी पाहतो."

वहिनी किंचाळली नाही एवढंच. "अवो माय! हे तं हाइतच इथं!" लाव्यानं मान उंच केली, माझ्या दिशेनं एकदा पाहिलं, आणि पुन्हा मातीत चोच घातली. उडाला नाही. माझ्या आवाजानं उडाला नाही. त्याच्या लेखी मीही आता कामातला माणूस झालो होतो.

सुनंदानं वळून पाहिलं नाही. तिलाही ओळीतला तो बाप दिसला असावा, कारण ती फार सावकाश पुढच्या झाडाकडे सरकली आणि शेंगा तोडत, मघाच्याच सुरात, वहिनीला म्हणाली, "याईले म्हना, मुक्ता भेंडी खात नाई."

वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जवाईबापू, पोट्टी भेंडी खात नाई म्हन्ते."

"ठाऊक आहे म्हणावं. गवार खाते."

"गवार खाते म्हन्ते हे."

"याईले म्हना, पोळ्या?"

"पोळ्या शिकीन. तोवर भाकरी जाड होतील. चालवून घेईल ती."

"शिकीन म्हन्ते हे. जाड करीन म्हन्ते."

"आन् याईले म्हना, मी तिकडे असताना याईचं काही बिनसलं, त मले कसं कळन? फोनवर तं हे हूं म्हनून ठेवून देतेत."

हा प्रश्न अवघड होता. बाकीचे सोपे होते. बाप पिलांना घेऊन माझ्या इतका जवळ आला होता की कापडाची झालर त्याच्या पाठीला लागली असती. तिसरं पिलू, ते धडपडं, माझ्या चपलेच्या पट्ट्याशी येऊन उभं राहिलं आणि तिथंच चोच मारून पाहू लागलं.

"सांगत जाईन," मी म्हणालो. "बिनसलं तर बिनसलं म्हणून सांगत जाईन. चांगलं वाटलं तरी सांगत जाईन. आत्ता मला फार चांगलं वाटतंय. तू त्या शाळेत एकटी जाऊन उभी राहिलीस, हे ऐकून मला फार चांगलं वाटलं."

वहिनीनं हे पुढे सांगितलं नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. "मी तिकडलं तोडतो," एवढंच म्हणाली.

सुनंदा उभी राहिली. ओटी भरली होती, ती तिनं दोन्ही हातांनी सावरली. अजूनही पाठमोरीच. मग म्हणाली, आणि या वेळी मधे वहिनी नव्हती, "उठा आता. मले तुमचं तोंड पाहाचं हाय."

कॅमेरा मी मांडीवरून बाजूला ठेवला आणि उठलो. बाप पिलांना घेऊन तुरीकडे चालत गेला असावा, मी पाहिलं नाही. कापड डोक्यावरून ओढताना चष्मा त्यात अडकला, केस उभे राहिले, गालावर चिखल आणि डासांच्या गांधी. सुनंदा वळली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट, न्यायाधीश दस्तऐवज पाहतात तसं पाहिलं. मग तिच्या ओटीतून शेंगा सांडायला लागल्या, कारण ती हसत सुटली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि हसता हसताच म्हणाली, "हो म्हनून सांगतो मी उद्या."